किंग क्रिमसनचा इतिहास ऐकायचा कसा: ड्रमवादकांच्या मागोव्याने

किंग क्रिमसन या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा इतिहास वाचायला घेतला, की थोड्याच वेळात नावांच्या गर्दीत वाट चुकते. 1969 ते 2021 या काळात या बँडने 13 स्टुडिओ अल्बम काढले, काम अनेकदा थांबवले, पुन्हा नव्या माणसांनिशी सुरू केले, आणि या सगळ्यात पहिल्यापासून अखेरपर्यंत टिकलेले एकमेव वादक म्हणजे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. त्यामुळे हा इतिहास बहुधा फ्रिप यांचे चरित्र म्हणूनच सांगितला जातो. नव्याने ऐकणाऱ्याला मात्र मी वेगळी वाट सुचवेन. प्रत्येक अल्बम लावण्यापूर्वी ड्रम्सवर कोण आहे एवढे पाहावे आणि कान तिथेच ठेवावा. गायक बदलले तरी बँडची चाल बरीचशी तशीच राहू शकते. ड्रमवादक बदलला, की किंग क्रिमसनचा अख्खा स्वभावच बदलतो.

तयारी फारशी लागत नाही. हेडफोन असावेत, एका बैठकीत एकच अल्बम ऐकावा आणि त्या अल्बमवरील वादकांची नावे समोर लिहून ठेवावीत. शब्दांकडे पहिल्या खेपेस लक्ष दिले नाही तरी चालेल.

सुरुवात 1969 पासूनच करावी, कारण पुढचे सारे फाटे तिथूनच फुटतात. त्याआधी फ्रिप आणि मायकेल व पीटर हे जाइल्स बंधू यांनी एक अल्बम काढला होता, पण तो फारसा खपला नव्हता. 13 जानेवारी 1969 रोजी लंडनमधील फुलहॅम पॅलेस रोडवरील एका कॅफेच्या तळघरात नव्या बँडची पहिली तालीम झाली. फ्रिप आणि मायकेल जाइल्स यांच्यासोबत आता गायक व बासवादक ग्रेग लेक, सॅक्सोफोन, बासरी आणि मेलोट्रॉन (ध्वनिफितींवर टिपलेले वाद्यांचे सूर पट्ट्या दाबून वाजवायचे वाद्य) सांभाळणारे इयन मॅकडोनाल्ड आणि गीतकार पीटर सिनफील्ड होते. सहा महिन्यांच्या आत, 5 जुलै रोजी, हाइड पार्कमधील रोलिंग स्टोन्सच्या विनामूल्य कार्यक्रमात लाखोंच्या जनसमुदायासमोर हा बँड वाजवत होता, आणि ऑक्टोबरमध्ये ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ बाजारात आला.

या अल्बममधील पहिले गाणे, ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’, किमान दोनदा ऐकावे. पहिल्या खेपेस गिटारचा धक्का आणि चिरकवलेला आवाज एवढेच ऐकू येईल. दुसऱ्या खेपेस मधल्या वाद्यमय भागात जाइल्स काय करतात ते पाहावे. ते ठोका धरून बसत नाहीत. जॅझवादकासारखे स्नेअरवर, म्हणजे कडक, करकरीत नादाच्या छोट्या ड्रमवर, सतत काहीतरी बोलत राहतात, आणि मग सगळा बँड एकाच क्षणी थबकतो, एकाच क्षणी सुटतो. त्या थांब्यांमधली शांतता कान देऊन ऐकावी, कारण इतक्या वेगातही कोणीही एका कणानेही मागेपुढे होत नाही. त्यानंतर ‘एपिटाफ’ ऐकले, की तेच जाइल्स संथ गाण्यात किती मोजके वाजवतात तेही कळते. डिसेंबर 1969 मध्ये, अमेरिकेचा पहिला दौरा संपता संपता, जाइल्स आणि मॅकडोनाल्ड यांनी बँड सोडला. या वादकसंचाचे प्रत्यक्ष कार्यक्रम 1997 मध्ये ‘एपिटाफ’ याच नावाच्या संग्रहातून प्रसिद्ध झाले. तेही मिळवून ऐकावेत.

1970 आणि 1971 ही दोन वर्षे पहिल्या फेरीत भरभर ओलांडली तरी हरकत नाही. ‘इन द वेक ऑफ पोसायडन’वर जाइल्स पाहुणे म्हणून पुन्हा वाजवतात, ‘लिझर्ड’वर अँडी मॅककलक आणि ‘आयलंड्स’वर इयन वॉलेस ड्रम्सवर आहेत. लेक एमर्सन, लेक अँड पामर या बँडकडे गेले होते, गायक दर अल्बमला बदलत होता, आणि ‘आयलंड्स’नंतर सिनफील्ड हेही बाहेर पडले. या काळात सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स यांचे नाव मात्र लक्षात ठेवावे.

1972 मध्ये जे घडले त्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवावा. बिल ब्रुफर्ड हे येस या बँडचे ड्रमवादक होते. ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम पूर्ण करून, यश अगदी दाराशी आलेले असताना, त्यांनी तो बँड सोडला आणि ते किंग क्रिमसनमध्ये आले. बासवादक व गायक जॉन वेटन, व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस आणि तालवादक जेमी म्यूर हे त्यांचे नवे सहकारी. म्यूर यांच्याभोवती ड्रम्सखेरीज साखळ्या, घंटा आणि धातूचे पत्रे असत. मार्च 1973 मधील ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ हा अल्बम लावावा आणि पहिली काही मिनिटे आवाज वाढवण्याचा मोह आवरावा. सुरुवातीला अंगठ्यांनी वाजवायच्या कलिंबाचे नाजूक स्वर तेवढे आहेत, मग व्हायोलिन येते, आणि नंतर गिटार व बासचा जड मारा कोसळतो. त्या माऱ्याच्या आत ब्रुफर्ड चौकट सांभाळतात आणि म्यूर ती मोडत राहतात. दोघांचे आवाज वेगवेगळे ओळखता येईपर्यंत हा भाग पुन्हा पुन्हा ऐकावा. अल्बम बाजारात येण्याच्या सुमारास म्यूर बँड सोडून स्कॉटलंडमधील एका बौद्ध मठात गेले. त्यांचा आपल्यावर मोठा प्रभाव पडल्याचे ब्रुफर्ड यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे.

तो प्रभाव ऐकायचा असेल तर पुढच्या, 1974 च्या ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ अल्बममधील ‘ट्रिओ’ ऐकावे. व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन यांची ही उत्स्फूर्त, अतिशय कोमल रचना नोव्हेंबर 1973 मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ सभागृहात प्रेक्षकांसमोर घडली. ब्रुफर्ड ड्रम्सच्या काठ्या छातीशी घेऊन बसून राहिले आणि त्यांनी एकही ठोका दिला नाही. तरीही रचनाकार म्हणून चौघांचीही नावे लागली, आणि ते योग्यच झाले, कारण न वाजवण्याचा तो निर्णय रचनेचाच भाग आहे. या अल्बमचा मोठा हिस्सा असाच कार्यक्रमांतून घेतलेला असून टाळ्यांचा आवाज काढून टाकलेला आहे. ॲमस्टरडॅमचा कार्यक्रम 1997 मध्ये ‘द नाइट वॉच’ या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. दोन्ही पाठोपाठ ऐकले, की हा बँड स्टुडिओ आणि रंगमंच यांत किती कमी भेद करत होता ते ध्यानात येते.

मग ‘रेड’. क्रॉसही गेल्यावर फ्रिप, वेटन आणि ब्रुफर्ड या तिघांनी, जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींना पाहुणे म्हणून बोलावून, 1974 च्या उन्हाळ्यात हा अल्बम केला. शेवटचे गाणे ‘स्टारलेस’ बारा मिनिटांहून थोडे मोठे आहे. गायन संपल्यावर बास एक आकृती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा एक स्वरसमूह, वाजवू लागतो. तिच्या मात्रा 13 आहेत. सोयीसाठी चार, चार आणि पाच असे गट करून मनात मोजावे. दहा-बारा आवर्तने चुकतील, त्याने खट्टू होऊ नये. मोजणी एकदा पक्की बसली, की फ्रिप एकेका स्वराची ठिणगी किती सावकाश वर चढवतात आणि ब्रुफर्ड आधी तुरळक लाकडी ठोके देत, मग हळूहळू पूर्ण ड्रम्सवर येत तो ताण कसा वाढवतात, हे उलगडते. गाण्याच्या उत्तरार्धातील एक भाग स्वतः ब्रुफर्ड यांनी आणलेला होता, हे ऐकताना लक्षात असू द्यावे. शेवटी सुरुवातीची धून पूर्ण ताकदीने परत येते. रॉक संगीतात इतका पुरेपूर कमावलेला शेवट मला दुसरा माहीत नाही. अल्बम ऑक्टोबरमध्ये आला, तेव्हा बँड संपल्याचे फ्रिप यांनी आधीच जाहीर केले होते.

यापुढचा टप्पा सात वर्षांनंतरचा आहे आणि इथे एक छोटा प्रयोग अवश्य करावा. ‘रेड’ हे शीर्षकगीत ऐकावे आणि लगेच 1981 च्या ‘डिसिप्लिन’ अल्बममधील ‘फ्रेम बाय फ्रेम’ लावावे. दोन्हींत ब्रुफर्डच आहेत, पण ओळखू येणार नाहीत. फ्रिप यांनी त्यांना झांजांचा वापर टाळायला सांगितले होते, आणि ब्रुफर्ड यांनी इलेक्ट्रॉनिक ड्रम्स हाती घेतले होते. झांजांनी व्यापलेली वरची जागा मोकळी झाल्यामुळे फ्रिप आणि अमेरिकन गिटारवादक-गायक एड्रियन बेल्यू यांच्या गिटारींची गुंफण स्वच्छ ऐकू येते: दोघे एकच आकृती वाजवत निघतात, एक जण मध्येच एक स्वर गाळतो, आकृत्या एकमेकींपासून सरकत जातात आणि पुन्हा जुळतात. टोनी लेव्हिन यांचे चॅपमन स्टिक हे वाद्य खालची बाजू सांभाळते. याच चौघांनी ‘बीट’ आणि ‘थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर’ हे आणखी दोन अल्बम केले. 1984 मध्ये काम पुन्हा थांबले.

1994 मध्ये सहा जणांचा बँड उभा राहिला: दोन गिटार, खालच्या स्वरांसाठी दोघे, आणि ड्रम्सवर ब्रुफर्ड यांच्या जोडीला पॅट मॅस्टेलोटो. 1995 चा ‘थ्रॅक’ ऐकावा. ब्रुफर्ड गेल्यानंतरचे 2000 आणि 2003 मधील दोन अल्बम त्यांच्या धातूसारख्या कडक नादासाठी आवडणारे आवडीने ऐकतात. मला त्यांत दमसास कमी वाटतो.

अखेरच्या पर्वात, 2014 पासून, नवा स्टुडिओ अल्बम नाही, म्हणून अनेक जण ते सोडून देतात. तसे करू नये. या पर्वात मॅस्टेलोटो, गॅव्हिन हॅरिसन आणि बिल रीफ्लिन हे तीन ड्रमवादक रंगमंचाच्या पुढच्या रांगेत आणि बाकीचे सगळे मागे उंचावर अशी मांडणी होती. पुढे जेरेमी स्टेसी ड्रम्सवर आले. ‘रॅडिकल ॲक्शन’ या 2016 च्या संग्रहाची चित्रफीत पाहावी, म्हणजे तालाचे एकच वाक्य तिघांत कसे वाटले जाते ते डोळ्यांनीही कळते. गायक जॅको जॅक्सिक होते आणि मेल कॉलिन्स परत आले होते, त्यामुळे ‘सेलर्स टेल’, ‘द लेटर्स’, ‘सर्कस’ यांसारख्या ‘लिझर्ड’ आणि ‘आयलंड्स’ काळातील रचना पुन्हा वाजू लागल्या. 2017 मधील शिकागोचा कार्यक्रम आधी ऐकावा आणि मग पहिल्या फेरीत भरभर ओलांडलेल्या त्या दोन अल्बमांकडे वळावे. 8 डिसेंबर 2021 रोजी टोकियो येथे या वादकसंचाचा शेवटचा कार्यक्रम झाला.