ठासणीच्या बंदुकीचा कारागीर दुकान आवरतो तेव्हा

ग्वाल्हेर-चंबळच्या टापूत बंदूक ही नवलाची वस्तू नाही. तरीही ज्या बंदुकीला इकडे भरमार किंवा टोपीदार म्हणतात, ती नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची बंदूक बनवणारे कारागीर मात्र आता कमी होत चालले आहेत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 मध्ये आल्यावर शिकारीचे गिऱ्हाईक संपले, काडतुसाची बारा बोअर बंदूक हाती आल्यावर राखणीसाठीही लोक ठासणीकडे वळेनासे झाले, आणि ज्यांच्या घरी ही बंदूक आहे त्यांच्यापैकी अनेक जण ती खंडेनवमीला पाटावर मांडण्यापुरतीच बाहेर काढतात. अशा परिस्थितीत आपली बंदूक ज्याने बनवली किंवा आजवर दुरुस्त केली तो कारागीर परवाना परत करून दुकान बंद करणार असल्याचे कळले, तर परवानाधारकाने काय करावे, हे येथे सांगायचे आहे. सुटे भाग जमवून ठेवणे ही पहिली गरज आहे असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते आधी बंदुकीचा ताबा, मग कागद, मग मापे, आणि सुटे भाग त्यानंतर.

आपली बंदूक या क्षणी कोठे आहे, हे आधी पाहावे. दुरुस्तीसाठी दिलेली किंवा निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्याऐवजी दुकानात जमा केलेली बंदूक तेथेच राहून गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. दुकानदाराचा परवाना संपला की त्याच्याजवळ कोणाचेही शस्त्र राहणे कायदेशीर उरत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे अशी शस्त्रे त्याला विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारी विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. तेथून आपली बंदूक सोडवणे अशक्य नसले तरी त्यात अर्ज, पडताळणी आणि हेलपाटे आले. म्हणून दुकान उघडे असतानाच जमा पावती आणि मूळ परवाना दाखवून बंदूक परत घ्यावी, आणि दुकानाच्या नोंदवहीत ती परत दिल्याची तारीख व सही पडली की नाही, ते समोर उभे राहून पाहावे. घरी सुरक्षित ठेवण्याची सोय नसेल तर ती दुसऱ्या परवानाधारी विक्रेत्याकडे रीतसर हलवून त्याची पावती घ्यावी.

त्यानंतर परवाना आणि बंदूक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नळीवर कोरलेला क्रमांक, एकनळी की दुनळी, नळीची लांबी आणि बनवणाऱ्याचे नाव या चारही गोष्टी परवान्यात जशा लिहिल्या आहेत तशाच बंदुकीवर असल्या पाहिजेत. जुन्या परवान्यांत क्रमांकाचा एखादा आकडा चुकलेला किंवा नूतनीकरणाच्या वेळी गळलेला असतो, आणि ती चूक दुरुस्त करायला कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत गेल्यावर बनवणाऱ्याचे पत्र किंवा विक्रीची मूळ पावती मागितली जाऊ शकते. हा कागद कारागीर उद्या देऊ शकणार नाही, आज देऊ शकतो. त्याच्याकडून विक्री-नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा मागून घ्यावा. परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतील विशिष्ट क्रमांक, चढला आहे की नाही हेही याच वेळी पाहावे. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे; ती लवकरच संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्जही हातासरशी करून टाकावा.

मापांचा विषय जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण हाताने घडवलेल्या बंदुकीची खरी अडचण येथेच आहे. अमेरिकेत टोनी नाइट यांनी 1985 मध्ये बाजारात आणलेली सरळ रेषेत ठिणगी देणारी ठासणीची रायफल गाजली. त्यांच्या नावाची कंपनी 2009 मध्ये बंद पडली आणि पुढे नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाली. अशा कारखान्यात भाग ठरावीक मापाने निघतात, त्यामुळे कंपनी अडचणीत आली तरी एका बंदुकीचा भाग दुसरीला बसतो. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यात घोडा, कमान (स्प्रिंग) आणि निपल, म्हणजे ज्यावर ठिणगी देणारी टोपी बसते ती बारीक छिद्राची नळी, हे भाग कानस मारून त्या एका बंदुकीपुरते जुळवलेले असतात. त्याच कारागिराने त्याच वर्षी बनवलेल्या दुसऱ्या बंदुकीचे निपलही आपल्या नळीत बसेल याची खात्री नसते. बनवणारा गेला की त्या मापाची आठवणही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून कारागिराला शांतपणे वेळ मागून एका वहीत पुढील तपशील त्याच्याकडूनच लिहून घ्यावा. निपलच्या आट्यांचा व्यास आणि त्यांची चाल, म्हणजे ते सहा मिलिमीटरचे आहेत, पाव इंच व्यासाचे, इंचाला 28 आट्यांचे आहेत की कोठल्याच ठरीव मापात न बसणारे आहेत, त्यावर अकरा क्रमांकाची टोपी बसते की मोठी मस्केट टोपी, नळीचा आतला व्यास, तोही तोंडाशी आणि शक्य असल्यास बुडाशी वेगळा, नळीचे बूड बंद करणारा पेच कोणत्या आट्यांचा आहे आणि तो शेवटचा कधी उघडला, दारू ठासायच्या गजाची लांबी, आणि घोड्याच्या कमानीचा आकार कागदावर ठेवून काढलेल्या रेघेने. या वहीत छायाचित्रेही चिकटवावीत, मात्र त्यांत शेजारी मोजपट्टी असली पाहिजे, नाहीतर त्यांचा उपयोग केवळ आठवणीपुरता.

सुट्या भागांत निपल सर्वांत आधी घ्यावे. प्रत्येक बारानिशी त्याचे छिद्र थोडे झिजून मोठे होते, आणि फार मोठे झाले की ज्वाला मागे येऊन घोडा उचलला जातो, जे डोळ्यांना धोक्याचे आहे. दोन निपल आपल्या बंदुकीत प्रत्यक्ष बसवून पाहून घ्यावीत. घोड्याची कमान एक जादा असावी. गज आणि लाकडी दस्ता नंतरही कोणी जाणकार बनवू शकेल, त्यासाठी घाई करू नये. जादा नळी मात्र ‘असू द्या घरात’ म्हणून मुळीच घेऊ नये. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात, आणि परवान्यात नोंद नसलेली नळी घरात सापडणे म्हणजे विनापरवाना शस्त्र सापडणे. जे घ्याल ते परवाना दाखवून, पावतीवर घ्यावे.

एक मोह आवर्जून टाळावा. ओळख जुनी असते, कारागीर भिडस्त असतो, आणि ‘दुकान बंद झाले तरी घरी आणून द्या, मी करून देईन’ असे तो आपुलकीने म्हणतो. कलम 5 प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती व्यवसाय म्हणून करायला परवाना लागतो, आणि 2019 नंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान सात वर्षांच्या कैदेपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्याच्या आपुलकीची किंमत त्यालाच मोजावी लागेल असे काही करू नये. त्याऐवजी पुढे दुरुस्ती कोणत्या परवानाधारी दुकानात करून घ्यावी हे त्यालाच विचारावे, आणि जमल्यास वहीतील मापे त्या दुकानाला त्याच्या उपस्थितीतच दाखवावीत. तो स्वतः तेथे कामाला राहणार असेल तर उत्तमच.

बंदूक घरी आली की ती भरलेली नाही याची खात्री करावी. वर्षानुवर्षे कोनाड्यात उभ्या असलेल्या ठासणीच्या बंदुकीत जुना भरणा तसाच असणे ही गोष्ट वाटते तितकी विरळ नाही. निपलवर टोपी नाही ना ते आधी बघावे, नळीचे तोंड कोणाकडेही नाही ना ते पाहावे, आणि तोंडासमोर हात किंवा डोके न आणता गज नळीत अलगद सोडून तोंडाशी खूण करावी. मग खूण तोंडाशी धरून तोच गज नळीच्या बाहेरून लावावा आणि त्याचे टोक बुडापर्यंत पोहोचते का ते पाहावे. गज चार बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे, आणि ते काढण्याचे काम घरी न करता परवानाधारी दुकानात द्यावे. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि पावसाळ्यात नळी आतून गंजते, म्हणून बार केल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा हात द्यावा. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत कधीही घालू नये. तिच्या दाबाने नळी फुटते. काळी दारू आणि टोप्या परवान्यात लिहिलेल्या मर्यादेतच घ्याव्यात. दुकान बंद होणार म्हणून साठा करून ठेवणे बेकायदा आहेच, शिवाय घराला धोक्याचेही आहे.

बंदूक पुढे ठेवायचीच नसेल तर ती दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते, पण विकण्याचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. घरातच ठेवायची असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर, किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असल्यास त्याआधीही, तो कायदेशीर वारसाला नामनिर्देशित करून परवाना त्याच्या नावे मागू शकतो. दुरुस्ती करूनही चालणार नाही अशी जुनाट बंदूक कलम 45 मुळे कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, मात्र ती तशी आहे हे आपण न ठरवता शस्त्र शाखेकडून लेखी घ्यावे. शंभर वर्षांपेक्षा जुनी बंदूक पुरावस्तू ठरू शकते, आणि मग ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे आजोबांची आठवण म्हणून ती पाठवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. कलम 13 मध्ये पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्याच कलमात अशी बंदूक त्या कामाला पुरेशी ठरत नसल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची मुभाही आहे. ग्वाल्हेरजवळच्या डबरा किंवा भितरवारकडे शेत असलेल्या परवानाधारकाने कारागीर दुकान बंद करत असल्याचे त्याचे पत्र, दुरुस्ती होत नसल्याचा दुसऱ्या विक्रेत्याचा दाखला आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा जोडून याच आधारावर अर्ज करावा, आणि कारागिराचे ते पत्र दुकानाची पाटी उतरण्यापूर्वीच मागून घ्यावे.