परसातील कोंबड्या राखाव्यात आणि घुबड-शिक्रेही राहू द्यावेत: ते कसे?

पिल्लू नाहीसे झाले की संशय प्रथम घुबडावर जातो, कारण रात्री त्याचा घूत्कार आपण ऐकलेला असतो. मुंगूस, घूस आणि मांजर मात्र आवाज न करता येऊन जातात. आमच्याकडे तीन रात्रींत पाच पिल्ले गेली तेव्हा आम्हीही वाड्याच्या पडक्या भिंतीतील गव्हाणी घुबडालाच दोष दिला होता. चौथ्या रात्री खुराड्याभोवती चाळलेली राख पसरून ठेवली आणि सकाळी तीवर घुशीची पावले व ओढत नेलेल्या शेपटीची रेघ उमटलेली दिसली. बीळ खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यातच निघाले.

म्हणून पहिली पायरी म्हणजे चोर ओळखणे. गव्हाणी घुबडाचे वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम भरते, त्यामुळे दीड किलोची गावरान कोंबडी उचलून नेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पिंगळा तर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, किडे, पाली आणि लहान उंदरांवर जगणारा. मोठ्या कोंबडीला खरोखर धोका असतो तो शृंगी घुबडाचा. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे असलेला हा पक्षी ओढ्याकाठच्या दरडीत आणि खडकाळ माळावर राहतो, आणि झाडावर उघड्यावर झोपलेली कोंबडी त्याला सहज सापडते. दिवसा पिल्लू गेले तर शिक्रा, घार किंवा कावळा यांच्यापैकी कोणीतरी असण्याचा संभव अधिक. एकाच जागी उपटलेल्या पिसांचा सडा पडला असेल तर बहुधा शिकारी पक्षी समजावा. एका रात्रीत अनेक कोंबड्या मानेला चावा घेऊन मारून तशाच टाकलेल्या असतील, तर तो पक्षी नव्हे, जमिनीवरून आलेला प्राणी आहे.

दुसरी पायरी रात्रीची. दिवेलागणीपूर्वी सर्व कोंबड्या मोजून आत घ्याव्यात आणि दाराला नुसती दोरी न बांधता कडी घालावी. खिडक्यांना षटकोनी घरांची पातळ जाळी न लावता अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावावी, कारण एक इंचाच्या घरांतून उंदीर आरामात शिरतो आणि पातळ तार मांजर ताणून वाकवते. घूस खालून पोखरते, म्हणून भुई दगड-सिमेंटची करावी, किंवा जाळी भिंतीलगत फूटभर खोल पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी. एखादी हट्टी तलंग रोज आंब्यावरच चढत असेल, तर तिला आठ-दहा दिवस अंधार पडण्याआधी पकडून आत बसवावे; त्यानंतर ती सहसा स्वतःहून येऊ लागते.

तिसरी पायरी दिवसाची, आणि खरी कसोटी येथेच लागते. शिक्रा आकाशात घिरट्या घालत वाट पाहत नाही. तो झाडाच्या पानोळ्यात बसून असतो आणि कुंपणाच्या उंचीवरून सरळ आत घुसतो. घार मात्र मोकळ्या अंगणावर वरून झडप घालते. दोघांवर उपाय एकच, तो म्हणजे आडोसा. पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत खुडूक कोंबडीसह डालग्याखाली किंवा वरून झाकलेल्या जाळीच्या आवारात ठेवावीत. मोठ्यांसाठी अंगणात दर आठ-दहा पावलांवर लपण्याची जागा असावी: अडुळशाचे बेट, कर्दळीची रांग, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे तोंडलीचा मांडव, ज्याच्या सावलीत कोंबड्या माती उकरतात आणि वरून दिसत नाहीत. जाणता कोंबडा कळपात असू द्यावा. वरून पक्षी आला की तो एकच लांबलचक सूर काढतो, आणि मांजर किंवा कुत्रे दिसले की तुटक तुटक ओरडतो; पहिल्या सुरावर पिल्ले झुडपाकडे धावतात, ते पाहण्यासारखे असते. चकाकत्या सीडी, बुजगावणी, टांगलेला मेलेला कावळा यांची भीती पक्ष्यांना थोडेच दिवस वाटते.

वरून जाळे टाकायचे असल्यास ते ताठ बांधावे. सैल, बारीक नायलॉनच्या जाळ्यात घुबडाचे पंख गुंततात आणि सुटण्याच्या धडपडीत ते मोडतात.

चौथी पायरी उंदरांची आहे. खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावे, सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत, आणि उंदरांसाठी विष मात्र ठेवू नये. ब्रोमाडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो अडखळत फिरतो, घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जाते. त्याऐवजी सापळे लावावेत. घुबड काय खाते हे पाहायचे असेल, तर त्याच्या बसण्याच्या जागेखाली पडलेली, त्याने ओकून टाकलेली काळसर, अंगठ्याएवढी गोळी पाण्यात भिजवून काडीने सोडवावी. राखी केसांच्या गुंत्यातून नारिंगी-पिवळ्या दातांच्या उंदराच्या कवट्या निघतात. अपशकुनाच्या गोष्टी सांगणाऱ्या शेजाऱ्याला आम्ही हेच दाखवले आणि त्याने निदान दगड मारणे तरी थांबवले.

घुबडे, शिक्रे आणि घारी यांना मारणे, पकडणे किंवा त्यांची घरटी मोडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. जाळ्यात पक्षी अडकल्यास ओढाताण न करता त्यावर जाड टॉवेल टाकावा, प्रथम पाय धरावेत, कारण इजा चोचीपेक्षा नखांनी अधिक होते, आणि पक्ष्याऐवजी जाळेच कापावे. त्यानंतर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याला अंधारात ठेवावे, पाणी वा अन्न तोंडात घालू नये, आणि महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धडधाकट घुबड केवळ आवारात शिरून बसले असेल, तर कोंबड्या दुसरीकडे हलवून संध्याकाळपर्यंत त्याला तसेच राहू द्यावे आणि काळोख पडू लागला की दार उघडावे. दिवसा हाकलले तर कावळे त्याचा पिच्छा पुरवतात.