पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना या चुका टाळा

क्लबच्या स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारा लवकर हरला की सगळे प्रतिस्पर्ध्याच्या चमकदार चालीबद्दल बोलतात. त्या चालीला वाट कोणी करून दिली, हे मात्र क्वचितच तपासले जाते. १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये पुढे बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या, तेव्हा १३ वर्षांच्या बॉबी फिशरने काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकी खेळाडू डोनाल्ड बर्न यांना हरवले, तो डाव यासाठी पटावर लावून पाहावा.

अकराव्या चालीच्या वेळी बर्न यांचा राजा ई१ या मूळ घरातच होता (घराच्या नावातले अक्षर उभ्या पट्टीचे, अंक पांढऱ्याकडून मोजलेल्या आडव्या रांगेचा) आणि एफ१ वरचा उंट न हलल्याने किल्लेकोट, म्हणजे राजाला दोन घरे सरकवून हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल, अडला होता. तो उंट ई२ वर आणणे गरजेचे असताना त्यांनी आधीच बाहेर आलेला दुसरा उंट एफ४ वरून जी५ वर नेला. डावाच्या सुरुवातीला तेच मोहरे पुन्हा हलवण्याची ही चूक क्लबमध्ये नेहमी दिसते, कारण ती करणाऱ्याला आपण हल्ला करत आहोत असेच वाटत असते. फिशरने उत्तरादाखल घोडा ए४ वर ठेवला. तो मारला, तर काळ्याचा दुसरा घोडा ई४ चे प्यादे टिपून सी५ वरचा वजीर आणि जी५ वरचा उंट या दोघांवर एकदम चालून येतो, शिवाय राजासमोरचे प्यादेही नाहीसे होते. बर्न यांनी वजीर ए३ वर मागे घेतला. पण सोळाव्या चालीला ई८ वर आलेल्या हत्तीचा शह बसला, राजाला एफ१ वर सरकावे लागले आणि किल्लेकोटाचा हक्क गेला.

पुढच्या चालीत फिशरने आपला उंट ई६ वर नेला, वजीर वाऱ्यावर सोडला आणि बर्न यांनी तो घेतला. त्यांची चूक येथे झाली असे अनेकांना वाटते, ते मला मान्य नाही. वजीर सोडून ई६ वरचा उंट मारला असता, तर आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या पांढऱ्या राजावर घोड्याने मात होती. मूळ चूक अकराव्या चालीची होती.

एच१ वरचा पांढरा हत्ती प्रथम हलला तो २८व्या चालीला, आणि तोही लगेच मारला गेला. एकेचाळिसाव्या चालीला मात झाली, तेव्हा बर्न यांचा वजीर बी८ वर नुसता उभा होता. म्हणून हरलेला डाव तपासताना शेवटच्या चालीपासून उलटे जाण्याऐवजी दहाव्या चालीशी थांबावे, कोणती मोहरी मूळ घरातच आहेत ते पाहावे आणि राजाला पहिला शह कोणत्या पट्टीतून बसू शकतो ते शोधावे.