ट्यून केलेल्या जपानी गाडीला नेमकी किती अश्वशक्ती लागते?

जुनी होंडा सिटी व्हीटेक, होंडा सिव्हिक किंवा लान्सर सेडिया ट्यून करण्याचा विचार असेल, तर गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी आपल्या गाडीला लागणारा अश्वशक्तीचा आकडा स्वतः काढावा. तो हाती नसला, की समोरचा सांगेल तोच आकडा खरा वाटू लागतो आणि खर्चाला धरबंध राहत नाही. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या आणि दोन माणसे व सामान धरून १२०० किलो भरणाऱ्या गाडीसाठी मराठवाड्यात हा आकडा, माझ्या मते, १४० च्या आसपास येतो. तो कसा येतो हे समजले, की आपल्या गाडीचे वजन घालून प्रत्येकाला आपला आकडा काढता येईल.

प्रथम एकसमान वेगाचा हिशेब पाहावा. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेग टिकवण्यासाठी, हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण मिळून, चाकांवर साधारण १६ अश्वशक्ती लागते. समृद्धी महामार्गावर कारसाठी असलेल्या ताशी १२० च्या मर्यादेला ती २५ च्या जवळ जाते. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या ठिकाणी १०० मीटरला ६ मीटर चढ धरला आणि वेग ५० चा धरला, तर केवळ चढासाठी आणखी सुमारे १३ अश्वशक्ती पुरते. म्हणजे निव्वळ चालण्यासाठी मूळ इंजिनाचीच बरीच ताकद शिल्लक राहते.

खरी गरज ओव्हरटेक करताना कळते. गाळप हंगामात अंबाजोगाई–लातूर भागात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडायचा असेल, तर ५० वरून ९० चा वेग ५ सेकंदांत गाठता आला पाहिजे, असे समजू. १२०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा त्या अवधीत सुमारे २६० किलोज्यूलने वाढवावी लागते. तिला ५ ने भागले आणि वाटेतला विरोध मिळवला, की चाकांवर सरासरी ७८ अश्वशक्ती हवी असे निघते. गिअरबॉक्स आणि अॅक्सलमध्ये १५ टक्के जाते असे धरले, तर इंजिनावर सरासरी ९२. इंजिन संपूर्ण वेळ कमाल ताकदीवर नसते, म्हणून कमाल आकडा सरासरीपेक्षा तीस टक्के अधिक, म्हणजे १२० च्या आसपास धरावा.

यात आपल्या हवेचा वाटा वेगळा मोजावा लागतो, कारण कागदावरील अश्वशक्ती साधारण समुद्रसपाटीची आणि २५ अंशांच्या आसपासच्या तापमानाची असते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि उन्हाळ्याच्या दुपारी पारा ४२ पर्यंत जातो. या दोन्हींमुळे हवा विरळ होऊन टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची जवळपास १० टक्के ताकद जाते. परभणी आणि नांदेड तुलनेने सखल असले, तरी तेथील मे महिना इंजिनाला सवलत देत नाही. म्हणून १२० चे १३३ होतात आणि थोडी सोय ठेवून १४०. टर्बो इंजिन उंचीची तूट काही प्रमाणात भरून काढते. मात्र तापलेल्या हवेत नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा, धोका वाढतो आणि तो टाळण्यासाठी ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीची वेळ मागे घेतो, त्यामुळे सकाळी मिळणारा पिकअप दुपारी मिळत नाही.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने, म्हणजे टायरकडून तपासून पाहावा. अशा गाडीचा साधारण ६० टक्के भार पुढील चाकांवर असतो आणि वेग वाढवताना त्यातला काही मागे सरकतो. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल, तर ताशी ६० च्या वेगाला पुढची चाके सुमारे १२० अश्वशक्तीच रस्त्यावर उतरवू शकतात. इंजिनावर मोजली तर ती १४० होते. पहिल्या पावसात रस्ता निसरडा झाला, की हीच मर्यादा चाकांवर ८० च्या खाली येते. त्याहून अधिक ताकद चाक जागेवर फिरवण्यात आणि स्टिअरिंग खेचण्यात वाया जाते. वेग १०० झाल्यावर टायर चाकांवरची २०० अश्वशक्तीही पेलतात, हे खरे आहे. पण ती ताकद वापरण्याची जागा बंदिस्त ट्रॅक आहे, बीड बायपास नव्हे. मागील चाके चालवणाऱ्या गाडीत भार मागे सरकण्याचा फायदाच होतो, म्हणून तिच्यासाठी ही मर्यादा वरची धरावी.

जपानी कंपन्यांनी स्वतः काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ ला सुमारे ९५० किलो वजनावर १२० च्या आसपास अश्वशक्ती होती, तर होंडाच्या ईके९ सिव्हिक टाइप-आरला १६०० सीसीच्या, टर्बो नसलेल्या इंजिनातून १८५. जपानमध्ये कंपन्यांनी आपसांतील समजुतीने २८० ची मर्यादा २००४ पर्यंत पाळली आणि त्याच काळात स्कायलाइन जीटी-आर घडली. दर टनाला १२५ ते २०० अश्वशक्ती एवढ्यात जगाने नावाजलेल्या गाड्या तयार झाल्या, हे चारशे-पाचशेची भाषा करणाऱ्याने लक्षात घ्यावे.

आकडा ठरल्यावर गाडी प्रथम जशी आहे तशी डायनोवर मोजून घ्यावी. डायनो चाकांवरची ताकद मोजतो, त्यामुळे १०६ अश्वशक्तीच्या सिटीने तेथे ९० दाखवले, तर इंजिन खालावले असे समजू नये. ट्यूनिंगआधीचे आणि नंतरचे मोजमाप एकाच यंत्रावर, शक्यतो सारख्याच तापमानात करावे. टर्बो नसलेल्या इंजिनात इनटेक, एक्झॉस्ट आणि रिमॅप (ईसीयूमधील आकडे बदलणे) मिळून पाच ते दहा टक्केच वाढ होते. सिटी फार तर ११५ पर्यंत जाईल. वरच्याच हिशेबाने तेवढ्यात ट्रॅक्टर ओलांडायला ५ ऐवजी ६ सेकंद लागतात. त्या एका सेकंदासाठी टर्बो बसवायचा, पिस्टन आणि क्लच बदलायचा, की मागे आणखी थोडे अंतर ठेवून थांबायचे, याचा निर्णय शांतपणे घ्यावा. मी दुसरा पर्याय निवडेन. सिव्हिक मुळातच १३२ ची आहे, पण जडही आहे, म्हणून तिचा आकडा वजनाच्या प्रमाणात १५० च्या पुढे जातो.

खर्चाचा क्रम टायर, ब्रेक, कूलिंग आणि सर्वांत शेवटी ताकद असा ठेवावा. वेग १२० ऐवजी १६० असेल, तर गाडी थांबवताना ब्रेकमध्ये जवळपास ८० टक्के अधिक उष्णता निर्माण होते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा २३० अंशांचा उत्कलनबिंदू त्यामुळे १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. रेडिएटर आतून साफ आहे का आणि पंखा वेळेवर चालू होतो का, हे एप्रिलपूर्वी पाहून घ्यावे. सिमेंटच्या समृद्धीवर सलग अंतर कापायचे असेल, तर टायरवरील उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचावे व हवा टायर थंड असताना भरावी.

रिमॅप करणाऱ्याला पंपावरचे पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले, आहे हे गृहीत धरायला सांगावे. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर ई२० ला साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. परदेशातून आलेली रिमॅपची तयार फाइल तशीच ईसीयूत भरली आणि इंजेक्टर आधीच क्षमतेच्या टोकाला असले, तर पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पातळ होऊन पिस्टनला धोका पोहोचतो. जुन्या गाडीतील इंधनाचे रबरी पाइप आणि सील याच वेळी बदलून घ्यावेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. म्हणून इंजिन बदलण्यासारखे काम ठरवण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी, आणि कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवून त्याची पोच गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.