बेळगाव-निपाणी भागात परवडणारं आणि चांगलं रश्श्याचं जेवण कसं शोधायचं

बेळगावला कामाला, शिकायला नाहीतर दवाखान्याच्या निमित्तानं आलेला माणूस दोन-चार दिवसांत हमखास विचारतो, की रोज परवडेल असं चांगलं मटण-चिकनचं, नाहीतर निदान चांगल्या आमटी-भाकरीचं जेवण कुठं मिळतं. एका हॉटेलचं नाव सांगून हे भागत नाही, कारण आचारी बदलला की चव बदलते, गिऱ्हाईक वाढलं की भाव बदलतो आणि सहा महिन्यांपूर्वीचं नाव आज उपयोगाचं राहत नाही. त्यापेक्षा शोधायचं कसं ते सांगतो, बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, चिकोडी सगळीकडे हेच चालतं.

माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं एकच आहे. जिथं रोज दोन-तीनच भाज्या किंवा रस्से होतात आणि दुपारी अडीच-तीनला पातेली रिकामी होतात, तिथं जाऊन बसा. उरलेलं फ्रीजमध्ये जात नाही त्यामुळे रोजचं रोज होतं, वाया जात नाही त्यामुळे भाव आवाक्यात राहतो, आणि आचाऱ्याचा हात त्याच दोन रश्श्यांवर बसलेला असतो. ज्याच्या मेनूकार्डात पनीरचे वीस, चिकनचे तीस प्रकार आणि वर चायनीज, तिथं एकच ग्रेव्ही सगळ्यात फिरते हे गृहीत धरा.

आता आपल्या भागात नुसतं हॉटेल म्हणून शोधलं तर भलतंच सापडतं, कारण जेवणाच्या जागा वेगवेगळ्या तऱ्हेच्या आहेत. तांबडा-पांढरा रस्सा देणारी मराठी पद्धतीची खानावळ, ही निपाणी-चिकोडीकडं कोल्हापूरच्या जास्त जवळची. मग सावजी, हुबळी-धारवाडकडची पद्धत, रस्सा काळपट, लवंग-मिरीचा तिखटपणा घशात उतरणारा, पहिल्यांदा जाताय तर हाफ प्लेटच मागवा. बेळगावात खडेबाजार आणि कॅम्पाकडं मुसलमानी हॉटेलं, तिथं शेरवा म्हणजे मटणाचा पातळ रस्सा आणि बिर्याणी. चोर्ल्यातून गोवा आणि आंबोलीतून सावंतवाडी जवळ असल्यामुळे मालवणी-गोवन मासळीची थाळीही बरीच मिळते. आणि लिंगायत खानावळ, जिला आपले बरेच लोक उगाच टाळतात आणि नुकसान करून घेतात. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याचं एण्णेगायी, मटकीची उसळ, शेंगाची आणि कारळाची चटणी, सोबत कच्ची मेथी, कांदापात, काकडी, दही, आणि भाकरी बऱ्याच ठिकाणी पोटभर. शाकाहारी माणसाला रोज जेवायला याच्यापेक्षा स्वस्त आणि चांगलं या जिल्ह्यात दुसरं काही मला तरी दिसत नाही. बैलहोंगल, गोकाक, अथणीकडं गेलात तर हेच आधी शोधा. 'बिसी रोट्टी' म्हटलं की गरम भाकरी येते आणि 'खारा कडिमे' म्हटलं की वाढपी कमी तिखटाचं बघून वाढतो.

मांसाहारी खानावळीत मात्र ताट समोर आलं की घाई करू नका, रश्श्याकडं नीट बघा. तांबड्या रश्श्यावर कट, म्हणजे तेलाचा तवंग, तर सगळीकडेच असतो, पण तो कुठून आला हे महत्त्वाचं. कांदा, सुकं खोबरं, तीळ भाजून वाटलेला मसाला तेलात सावकाश परतला की तेल आपोआप सुटतं आणि रस्सा उकळताना वर येतं. असल्या रश्श्यात चमचा घालून कट बाजूला सारला तरी खालचा रस्साही तांबूसच दिसतो आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो. वरून रंगीत तेल सोडलेलं असलं तर खालचं पाणी फिकट, आणि भाकरीचा तुकडा बुडवून वर काढला की तो भडक केशरी होतो, बोटालाही रंग बसतो, धुतला तरी लगेच जात नाही. संकेश्वरी मिरची तिखट आणि ब्याडगी रंगाची, दोन्ही आपल्याकडं सहज मिळतात, त्यामुळे इथं रश्श्यात खायचा रंग घालायची काहीच गरज नाही आणि जो घालतो त्याच्याकडं मी परत जात नाही. पांढऱ्याचं उलटं आहे, तिथं दिसण्यापेक्षा चव बघायची. मटण शिजलेल्या आळणी पाण्याची चव आधी यायला पाहिजे, नारळाचं दूध आणि खसखस मागून. नुसताच दाट आणि गोडसर लागला, गार झाल्यावर खिरीसारखी साय धरली तर कॉर्नफ्लॉवर घातलंय. बेळगावच्या शहापुरात एका घरगुती खानावळीत पांढरा रस्सा किटलीतून वाढतात, वाटीत पडला की वाफ तोंडावर येते आणि आधी मिरीचा वास लागतो, इतका पातळ की भुरकून प्यायचा, आणि संपायच्या आत किटली परत फिरते. असा रस्सा असला तर फोडी चारच आल्या तरी मला चालतं.

भावाचं गणित मांडून बघा, म्हणजे स्वस्त कुठलं आणि फसवं कुठलं ते कळतं. समजा हाडासकट मटण 800 रुपये किलो आहे आणि किलोत आठ ताटं बसवली, तर एका ताटात 125 ग्रॅम कच्चं मटण म्हणजे 100 रुपये तिथंच गेले. त्यावर मसाला, तेल, गॅस, भाकरी, भात, कामाची माणसं, भाडं. मग दोनशेच्या खाली मटण ताट बसवायचं तर फोडी कमी, हाडं जास्त किंवा जून जनावर, काहीतरी होणारच. तुमच्या गावातला आजचा भाव घालून हाच हिशोब करा. खिशाला रोज मटण नको असेल तर अंडा करी घ्या, रस्सा बहुतेक ठिकाणी त्याच मसाल्याचा असतो. वजडी (आतडी-पोट), मुंडी, पाया मिळत असेल तर तेही मटणापेक्षा स्वस्त पडतं, आणि ज्याला वजडी स्वच्छ धुऊन चांगली करता येते त्याचं बाकीचं सगळं चांगलं असतं असं मी धरून चालतो.

वार बघून जा हे फार महत्त्वाचं. आपल्याकडं मटणाचे वार म्हणजे रविवार, बुधवार, शुक्रवार, त्या दिवशी खप असतो म्हणून माल ताजा. सोमवार, गुरुवार, शनिवारी बऱ्याच घरांत पाळतात, गिऱ्हाईक कमी, तेव्हा कालचा रस्सा परत गरम झालेला मिळू शकतो, त्या दिवशी चिकन किंवा अंडं घ्या नाहीतर सरळ भाकरी-उसळीला जा. आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात कुठलीच खानावळ पारखू नका, गर्दीपुढं चांगल्या आचाऱ्याचाही हात बिघडतो. श्रावणात काही खानावळी बंद आणि ज्या चालू त्यांचा खप अर्धा. मासळीचं तर कॅलेंडरच वेगळं, पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा सुरमई-पापलेट सगळं आहे म्हणणाऱ्याकडं बर्फातला माल असणार. त्या दोन महिन्यांत सुका बांगडा, सुकट खावी. एरवी आत गेल्या गेल्या 'आज काय आलंय?' विचारा. जो म्हणतो आज फक्त बांगडा आणि तारली आहे त्याच्याकडं बसा, बांगड्याची थाळी सुरमईपेक्षा बरीच कमी पैशात होते आणि तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी मला सुरमईपेक्षा सरस वाटते.

मॅपवर शोधताना एकच शब्द टाकू नका, खानावळ, मेस, सावजी, मिलिटरी हॉटेल (कर्नाटकात मांसाहारी हॉटेलाला म्हणतात), मालवणी असं एकेक टाकून बघा, प्रत्येक वेळी वेगळी यादी येते. रिव्ह्यू नवीन आधी लावून वाचा आणि गिऱ्हाइकांनी काढलेले ताटाचे फोटो बघा, मालकानं टाकलेले नकोत. 'दोनला गेलो तर संपलं होतं' अशी तक्रार दिसली की मी ती जागा लिहून ठेवतो. पाटीवर फार विसंबू नका, 2024 ला कायद्यानं पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झाल्यावर बऱ्याच ठिकाणी मराठी अक्षरं बारीक झाली किंवा गेलीच, आत मात्र बोलणं मराठीतच चालतं आणि जेवणही तेच. काही घरगुती खानावळींना पाटीच नाही, त्या विचारूनच कळतात. बेळगावात विचारायचं कुणाला, तर वडगाव-खासबागकडं मागवाल्यांना म्हणजे विणकरांना, उद्यमबागेत कामगारांना, टिळकवाडीत कॉलेजच्या पोरांना. हे लोक पदरच्या पैशानं रोज बाहेर जेवतात. उद्यमबागच्या बाजूला साडेबाराच्या सुमारास जा, दीडनंतर बघायला काही राहत नाही.

हायवेवर ट्रक थांबतात तिथं जेवण चांगलं असं लोक सांगतात, मला ते पटत नाही, ट्रक जागा बघून थांबतो. निपाणीपासून काकतीपर्यंत 48 नंबरच्या हायवेवर मी केए 22 आणि केए 23 च्या मोटारसायकली बघतो, म्हणजे बेळगाव-चिकोडीचेच लोक. जवळच्या गावातला माणूस गाडी काढून मुद्दाम ढाब्यावर येत असेल तर भाव आणि चव दोन्ही ठीक असणार. शाकाहारी असाल तर आख्खा मसूर आणि भाकरी मागवा, कमी पैशात पोट भरतं.

बसायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या, त्यात लाज कसली. रस्सा परत मिळतो काय, ताटात भाकरी किती, भात धरून आहे की वेगळा. याच तीन ठिकाणी बिल वाढतं. मोठ्या हॉटेलात साधारण 5 टक्के जीएसटी लागतो, पण छोटं हॉटेल कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत असेल तर त्याला बिलावर वेगळा जीएसटी लावता येत नाही, त्यामुळे बिल एकदा वाचा. सर्व्हिस चार्ज सक्तीनं घेता येत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी नंबर भिंतीवर आणि बिलावर असायला पाहिजे, पण मी त्याच्याबरोबर हात धुवायची जागा आणि पाण्याचा जग बघतो, ते स्वच्छ असलं की स्वयंपाकघराबद्दल भरवसा वाटतो.

घरपोच ॲपवर बऱ्याचदा तेच ताट काउंटरपेक्षा महाग पडतं, आणि लहान खानावळी ॲपवर नसतातच. जवळ असेल तर स्वतः जाऊन पार्सल आणा आणि घरून स्टीलचा डबा न्या, गरम कट प्लास्टिकच्या पिशवीत ओतलेला बरा नाही. तांबडा आणि पांढरा एका डब्यात घेऊ नका, दोन वेगळे न्या, आणि साडेबाराच्या आत पोचा.