तानपुरा आणि तोफा: एका हॉलसाठी अॅम्प निवडताना

भाच्याचा इचलकरंजीहून फोन. "मावशी, नव्या घरात अॅम्प घ्यायचाय. गाणीही ऐकायचीत, सिनेमाही बघायचाय. कुठला घेऊ?" अॅम्प म्हणजे अॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद पुरवणारा डबा. असा फोन आला की मी आधी एकच विचारते: हातात मोबाइल न घेता, नुसतं बसून गाणं किती वेळ ऐकतोस? तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "रविवारी सकाळी. तासभर." आणि सिनेमा? "रोज रात्री." त्याचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं होतं. तरी नीट लिहून दे म्हणाला, म्हणून हे लिहायला बसले.

मी सांगलीत कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. गाणं शिकत होते ते त्याच्याही आधीपासून. नवऱ्याला लढाईचे सिनेमे लागतात, आणि तेही मागून गोळी सुटल्याचं मागूनच ऐकू येईल असे. हॉल एकच, १६ फूट बाय ११ फूट. सकाळी तिथं तानपुरा, रात्री तोफा. या हॉलसाठी गेल्या काही वर्षांत मी दोनदा चुकीची खरेदी केली आणि तिसऱ्यांदा बरी केली.

आधी वॅटचं भूत उतरवू. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर '१००० वॅट पीएमपीओ' असं ठळक छापलेलं असायचं, आठवतंय? त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. आजचे आकडे इतके खोटे नाहीत, पण त्यांना अटींचं शेपूट असतं आणि ते बारीक अक्षरात असतं. एका खोक्यावर '१५० वॅट' असतं आणि खाली लिहिलेलं असतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल (एका स्पीकरची वाट) चालू, डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) १० टक्के. दुसऱ्यावर '८० वॅट': ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.०८ टक्के. यातला दुसरा दणकट, कारण त्याचा आकडा कडक अटींवर मोजलाय. शेपूट छापलेलंच नसेल तर तो आकडा वाचूच नका.

आणि मुळात लागतात किती? माझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. मी बसते ९ फुटांवर. अंतराची वजाबाकी, दोन स्पीकरची बेरीज असं करून १ वॅटला माझ्या कानाशी साधारण ८० डेसिबल पडतात. गाणं मी ७०-७५ वर ऐकते, म्हणजे एरवी एक वॅटसुद्धा खर्ची पडत नाही. तबलजीनं समेवर थाप मारली की क्षणभर आवाज वीस डेसिबलनं उसळतो, त्या क्षणाला तीसेक वॅट लागतात. झालं. खरे ५० वॅट आमच्या हॉलला पुरून उरतात. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट लागतात. म्हणून ८० ऐवजी १०० वॅटसाठी दहा हजार जास्त मोजणं मला पटत नाही. १९७८ साली आलेला नॅड ३०२० हा अॅम्प कागदावर अवघ्या २० वॅटचा होता, आणि लोक अजून तो दुरुस्त करून वापरतात.

एवीआर, म्हणजे सराउंडचा, चारी बाजूंनी आवाज देणारा रिसीव्हर, याच्यात पाच-सात अॅम्प एका डब्यात बसवलेले असतात आणि सगळ्यांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच. शिवाय एचडीएमआय, डॉल्बी-डीटीएस या सिनेमाच्या आवाजाच्या पद्धतींचं डीकोडिंग, वायफाय, ब्लूटूथ. त्याच किमतीच्या साध्या स्टीरिओ अॅम्पमधे सगळा पैसा दोन चॅनेलवर लागतो. म्हणून 'त्याच पैशात स्टीरिओ अॅम्प गाण्याला बरा' असं म्हणतात. ते खरं आहे, पण लोक सांगतात तितकं नाही. चांगल्या रिसीव्हरवर डायरेक्ट मोडमधे, म्हणजे आवाजावरचे सगळे संस्कार बंद ठेवून, ऐकलेलं गाणं वाईट नसतं. खरा फरक पडतो तो स्पीकरनं आणि खोलीनं. त्यामुळे भाच्या, एकूण पैशातले निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाल, त्यातही पुढच्या दोनवर. पुढचे दोन घरचे, बाकीचे पाहुणे.

आता वाटा तीन.

पहिली: एकच बरा एवीआर. रोज सिनेमा आणि रविवारी गाणं, अशा घराला हीच. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खालचे सूर वाजवणारा एक सबवूफर, पुरे. छतात आणखी दोन स्पीकर लावून अॅटमॉस, म्हणजे वरूनही येणारा आवाज, करायची हौस असेल तर ५.१.२, त्याला सात चॅनेलचा रिसीव्हर लागतो. पण भाड्याच्या घरात छताला भोकं पाडायच्या आधी घरमालकाचा चेहरा आठवा.

दुसरी: स्टीरिओ अॅम्प, ज्याला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज अॅम्पकडे आणणारं भोक) आहे, आणि जमलं तर एक सबवूफर. सराउंडचा नादच सोडायचा. दोन स्पीकर नीट लावले आणि बरोबर मधे बसलं की संवाद पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. एकटा-दुकटा बघणारा असेल तर हे पुरतं. कडेला बसणाऱ्याला मात्र सगळे संवाद जवळच्या स्पीकरमधून येतात. पडद्यापाशी मधोमध ठेवायच्या सेंटर स्पीकरची गरज तिथं कळते. या वाटेनं जाणाऱ्यांनी टीव्हीच्या सेटिंगमधे ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करायला विसरू नये, नाहीतर अॅम्प मुका राहतो आणि आपण केबल बदलत बसतो.

तिसरी वाट माझी. दोन डबे. स्टीरिओ अॅम्प गाण्याला, एवीआर सिनेमाला आणि पुढचे दोन स्पीकर दोघांत सामाईक. यासाठी दोन गोष्टी लागतात आणि खरेदीच्या आधी त्या डोळ्यांनी बघून घ्यायच्या. रिसीव्हरच्या पाठीवर 'फ्रंट प्री-आउट' ही दोन भोकं हवीत, पुढच्या दोन स्पीकरचा सिग्नल दुसऱ्या अॅम्पला देणारी. सबवूफरचं प्री-आउट सगळ्यांनाच असतं, त्यावर भुलू नका. स्वस्त मॉडेलांत फ्रंटचं नसतं आणि दुकानदार 'आहे की' म्हणतो. आणि स्टीरिओ अॅम्पवर 'होम थिएटर बायपास' नावाचं इनपुट हवं. ते निवडलं की त्या अॅम्पची आवाजाची खुंटी बाजूला राहते आणि आवाज रिसीव्हरच्या ताब्यात जातो. सिनेमाला दोन्ही चालू. गाण्याला रिसीव्हर बंद, नुसता स्टीरिओ अॅम्प.

बायपास नसला तरी अडत नाही. रिसीव्हरचं प्री-आउट स्टीरिओ अॅम्पच्या कुठल्याही साध्या (लाइन) इनपुटला जोडा, खुंटी घड्याळातल्या अकराच्या जागी ठेवा, तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि रिसीव्हरचं कॅलिब्रेशन, म्हणजे सगळ्या स्पीकरचे आवाज जुळवणं, त्याच जागेवर करा. सिनेमाच्या वेळी खुंटी ठिपक्यावर. माझ्या जुन्या अॅम्पवर लाल ठिपका अजून आहे. बायपास असेल तर मात्र एक जपा: त्या इनपुटला चुकूनही सीडी प्लेअर जोडायचा नाही. तिथं आवाज कमी करायला कुणीच नसतं, पूर्ण ताकदीनं येतो.

मी आधी केलं होतं ते याहून वाईट. दोन्ही अॅम्पच्या स्पीकर वायरी त्याच स्पीकरला, एकावर एक. म्हटलं एक चालू असताना दुसरा बंदच असतो की. फिजिक्स शिकवणारी बाई! एका संध्याकाळी नवऱ्यानं दोन्ही चालू केले. फट् झालं आणि जळका वास. आउटपुट ट्रान्झिस्टर गेले, दुरुस्तीला ४,२०० रुपये पडले, आणि कारागिरानं वर विचारलं, "बाई, जोडलं कुणी होतं?" एका स्पीकरला दोन अॅम्प कधीही थेट जोडू नका. प्री-आउट नसेल तर अॅम्प निवडायचा स्विच मिळतो, तो मधे टाका.

दुकानात ऐकायला जाताना आपली रेकॉर्डिंग घेऊन जा, दुकानदाराची नको. त्याच्या डेमोत हेलिकॉप्टर असतं आणि हेलिकॉप्टर सगळ्याच अॅम्पवर झकास वाजतं. मी दोन गोष्टी नेते: एक ख्याल, ज्यात सुरुवातीला पाऊण मिनिट नुसते तानपुरे आहेत, आणि एक जुनं मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं, रेकॉर्डिंग. तानपुऱ्याची जवारी, ती मधमाश्यांसारखी गुणगुण, सुटी सुटी ऐकू यायला हवी. ती चिकट झाली किंवा तिला पत्र्याची धार आली की मी उठते. आमच्या शेजारी मिरजेला सतारमेकर गल्लीत जवारी काढताना ज्यानं ऐकलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. मोनो रेकॉर्डिंग दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभं राहायला हवं. ते पसरलं तर दुकानदारानं गुपचूप एखादा सराउंड मोड लावलेला असतो, बंद करायला सांगा.

दोन अॅम्पची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, मोबाइलवरचं साउंड मीटर चालेल. कान फसवे असतात: एखादा डेसिबल मोठा असलेला अॅम्प 'जास्त खुला' वाटतो. एका दुकानात मला महागडा अॅम्प नेहमी जरा मोठ्यानंच ऐकवला जात होता. सारखा करा म्हटल्यावर रिमोट सापडेना.

आता खोलीबद्दल, कारण रिसीव्हरची खरी कमाई इथं आहे. आमचा हॉल १६ फूट लांब. त्या लांबीला ३५ हर्ट्झवर आणि त्याच्या दुपटीवर, म्हणजे ७० वर, घुमार धरतो. आणि पुरुषी तानपुरा काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावला की खर्जाची तार पडते ६९ वर! सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे घुमाराच्या ऐन पोटात. कितीतरी महिने मी स्पीकरला शिव्या देत होते. सोफा दोन-अडीच फूट पुढे ओढला, निम्मं दुखणं गेलं, खर्च शून्य. उरलेलं रूम करेक्शननं जातं. रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो, तो बसायच्या जागेवर ठेवायचा, रिसीव्हर सूं-सूं आवाज काढून खोली मोजतो. डेनॉन-मॅरँट्झमधे याला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ. डिरॅक काही महागड्यांत असतं. माझा अनुभव असा की ३०० हर्ट्झच्या खाली हे औषध गुणाचं आहे, वर नेलं की जवारीचा रंग बदलतो. काहींच्या अॅपमधे ही मर्यादा ठरवता येते, असा मिळाला तर तो घ्या. मोजताना पंखा बंद, कुकर बंद, आणि नवऱ्याला बाजारात पाठवलेलं बरं.

करेक्शन झाल्यावर मेनूत जाऊन पुढच्या स्पीकरना 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ करा. अपमान मानू नका, खालचे सूर सबवूफरकडे पाठवायची ती सोय आहे. काही रिसीव्हरांत डायरेक्ट मोड लावला की हे सगळं बाजूला राहतं आणि सबवूफर गप्प होतो. तो बिघडला असं समजून दुकानात उचलून नेणारे लोक मला माहीत आहेत.

टीव्हीची जोडणी एचडीएमआयनंच, 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या भोकात. ओटीटीवरचं डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे तिथला सराउंड, साध्या एआरसीतूनही येतं. ईएआरसी लागतं ते टीव्हीला ब्लू-रे प्लेअर जोडून त्यातला पूर्ण, न दाबलेला सराउंड अॅम्पपर्यंत न्यायचा असेल तर. ऑप्टिकल केबलमधून जुनं ५.१ येतं, अॅटमॉस नाही. रेकॉर्ड प्लेअर असणाऱ्यांनी 'फोनो' इनपुट बघावं. एमएम काडतुसाचा, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्याचा (कार्ट्रिज), सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा, साध्या इनपुटला लावला तर कुजबुज ऐकू येते.

परदेशातून भाऊ आणून देतो म्हणाला तरी मोह नको. अमेरिकेतला १२० व्होल्टवर चालतो, जपानातला १०० वर. इथं २३० लावले की संपलं, आणि स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन बसलात तरी वॉरंटी इथं कुणी मानत नाही.

घरी आणल्यावर काचेच्या शोकेसमधे कोंडू नका. वर चार-सहा इंच मोकळे हवेत आणि मागे केबल वळायला जागा. पाठीमागचं भोक पालीलाही आवडतं, आतली ऊब तिला मानवते, म्हणून भिंतीजवळ नको. वायर १६ गेजची साधी तांब्याची पुरते. लाल लालला, काळा काळ्याला. एक जरी उलटा झाला तर खालचे सूर गायब होतात आणि गायक खोलीभर फिरत राहतो. स्पीकरमधून सारखी हम्म येत असेल तर आधी सेटटॉप बॉक्सची अँटेना वायर काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, अॅम्पमधे नाही.

पहिल्यांदा चालू करताना आवाज शून्यावर ठेवा आणि कुठला इनपुट निवडलाय ते वाचा. माझ्या नव्या अॅम्पचं पहिलं गाणं खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन बंद करायला लावलं. भैरव होता, सकाळचे सहा वाजले होते, आणि रात्रीच्या तोफांवरून खुंटी कुणी खाली आणली नव्हती.