आयडरच्या घरट्यांकडे जाण्यापूर्वीची तयारी

नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंद येथे, जवळपास ७९ अंश उत्तरेला, ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र २००८ पासून चालू आहे. तेथून आयडर बदकांची घरटी मोजायला प्रथमच निघणाऱ्यांनी सामान बांधण्याआधी परवाना हातात घ्यावा. जवळच्या कोंग्सफ्योर्ड या समुद्री खाडीतील ज्या बेटांवर ही बदके अंडी घालतात ती पक्षी-अभयारण्ये असून १५ मे ते १५ ऑगस्ट या काळात तेथे पाऊल ठेवण्यास सर्वसाधारण मनाई असते, आणि आपले काम तर नेमके त्याच दिवसांतले असते. स्वालबार्ड शेंगेन या युरोपीय देशांच्या समाईक व्हिसा-क्षेत्राबाहेर असल्यामुळे परतताना नॉर्वेमार्गे त्या क्षेत्रात पुन्हा शिरावे लागते, म्हणून व्हिसा दोनदा प्रवेशाचा असावा.

अंगालगतचे कपडे लोकरीचे घ्यावेत. सुती बनियन घामाने एकदा ओले झाले की वाळत नाही आणि थंडी अंगात शिरते. बोटीसाठी तरंगता सूट लागतो. न्यू-ओलेसुंदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणींना व्यत्यय येऊ नये म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते, त्यामुळे नोंदींसाठी पाण्याने न भिजणारी वही आणि दोऱ्याने तिला बांधलेल्या दोन पेन्सिली हव्यात. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचे साधन बरोबर असणे बंधनकारक आहे. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आहे तो पहाऱ्याचा माणूस, ज्याला दुसरे एकही काम सांगायचे नाही.

खरी काळजी मात्र घरट्यापाशी घ्यायची असते. आयडरची मादी जवळपास पंचवीस दिवस, अन्नाला जवळजवळ न शिवता, अंड्यांवर बसून राहते. ती रंगाने इतकी मातकट असते की पाय पडायच्या बेतात येईपर्यंत दिसत नाही. दचकून उडाली तर अंड्यांवर उग्र वासाची विष्ठा टाकून जाते, आणि तेवढ्यात वर घिरट्या घालणाऱ्या कुरव या समुद्रपक्ष्याला उघडी अंडी दिसतात. म्हणून अंडी मोजायचे कॅलिपर उजव्या खिशात, वही डाव्या खिशात, अशी जागा ठरलेली असावी. पिशवीत शोधाशोध करण्यात गेलेला प्रत्येक मिनिट त्या अंड्यांची ऊब घालवतो. मोजमाप संपताच मादीने स्वतःच्या छातीची उपटून रचलेली करडी लव चारही बाजूंनी ओढून अंडी पूर्ण झाकावीत, कडेचे एखादे अंडे उघडे राहिले नाही ना हे पुन्हा पाहावे आणि आल्या वाटेनेच मागे फिरावे.

या सगळ्याचा सराव घरीच करता येतो. वाडग्यात कापूस पसरून त्यात कोंबडीची चार अंडी ठेवावीत, जाड हातमोजे चढवावेत आणि मोजणे, लिहिणे, झाकणे ही तिन्ही कामे घड्याळ लावून करावीत. हातमोजा न काढता पेन्सिल धरता येत नसेल, तर हातमोजा बदलावा.